व्हेरिकोज व्हेन्सचं लेसर ऑपरेशन, ५ पैकी ३ स्टार (सही करायच्या आधी विचारा, नस म्हणजे कुठली नस?)

मोठं लिहिलंय पण ज्यांच्या पायावर शिरा फुगल्यात आणि ज्यांना कोणीतरी "लेसर करून टाका, अर्ध्या तासाचं काम" असं सांगितलंय त्यांनी पूर्ण वाचा. हॉस्पिटलचं नाव घालत नाही. पश्चिम उपनगरात आहे, छोटं आहे, फक्त नसांचंच काम करतात, एवढं पुरे. मला कोणाशी भांडायचं नाहीये, माझ्या पायाचं काय झालं ते सांगायचंय. उजव्या पायाचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, आता आठ महिने झाले.

माझं लालबागला पोळीभाजी केंद्र आहे, एकोणीस वर्षं झाली. पहाटे पाचला तवा तापतो तो दुपारी एकला खाली उतरतो, परत संध्याकाळी चार ते आठ. म्हणजे दिवसाचे बारा तास एका लादीवर उभं. पायातलं रक्त वर चढवायला पोटरी पंप मारते आणि शिरांच्या आत बारीक झडपा असतात त्या ते रक्त परत खाली येऊ देत नाहीत, चालणाऱ्या माणसाचा पंप चालू राहतो पण एका जागी उभं राहणाऱ्याचा पडूनच असतो, मग झडपा हळूहळू सैल होतात आणि रक्त खाली साचून शिरा फुगतात. त्यात माझी दोन बाळंतपणं, आणि आईच्या पायालाही होत्याच. वाहतूक पोलीस, दुकानातल्या सेल्सच्या मुली, शिक्षिका, न्हावी, स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका, सगळ्यांचं हेच.

शिरांकडे मी लक्षच दिलं नाही, साडी आहे तर कोणाला दिसतंय. मला त्रास झाला तो खाजेचा. घोट्याच्या वर आतल्या बाजूला कातडी तपकिरी-काळी पडत गेली आणि रात्री अशी खाज की झोप उडायची. दीड वर्ष मी मलमं लावली, तीन वेगवेगळी, थोडं बरं वाटायचं परत तेच. शेवटी एका ताईंनी, ज्या माझ्याकडे रोज डबा घेतात आणि नर्स आहेत, त्यांनी साडी वर करायला सांगून पाय बघितला आणि बोलल्या, काकू हे कातडीचं नाही, हे शिरेचं आहे, डॉप्लर करा (म्हणजे शिरेतलं रक्त कुठे वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी). हे लक्षात ठेवा. घोट्याजवळ कातडी काळी, खाज, संध्याकाळी पाय सुजतो आणि सकाळी उतरतो, असं असेल तर मलमात वर्ष घालवू नका, पुढे तिथेच जखम होऊ शकते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही.

डॉप्लर सेंटरला मी पूर्ण मार्क देते. उभं करूनच केलं (झोपवून केलं तर खरं चित्र येत नाही, कोणी झोपवूनच उरकत असेल तर विचारा). पोटरी दाबतात, सोडतात, आणि रक्त उलटं खाली येतं ते मशीनवर दिसतं, ऐकूही येतं. अर्ध्या सेकंदाहून जास्त उलटं आलं तर झडप गेली समजायचं. माझं जांघेपासून खाली घोट्यापर्यंत सगळंच उलटं येत होतं.

आता ऑपरेशन. जे चांगलं झालं ते आधी लिहिते कारण ते खरंच चांगलं झालं. सकाळी सातला ॲडमिट, उभं करून मार्करने पायावर शिरांचा नकाशा काढला, मग टेबलावर. पूर्ण भूल नाही. शिरेच्या भोवती थंड सलाईनमध्ये बधिर करायचं औषध घालून ते लांबवर टोचत जातात, मांडीपासून पोटरीपर्यंत, वीस-पंचवीस टोचण्या असतील, तेवढंच काय ते दुखलं. हे पाणी नुसतं बधिर करायला नसतं, लेसरची आग आजूबाजूला पोचू नये म्हणून शिरेभोवती गादीसारखं भरतात. मग सोनोग्राफीवर बघत बघत एक बारीक वायर शिरेत घालून वरपर्यंत नेली आणि तापवत तापवत मागे खेचली, शिर आतून जळून बंद. पोटरीवरच्या फुगलेल्या फांद्या दोन-दोन मिलिमीटरची भोकं पाडून हुकने काढल्या. टाका एकही नाही. तासाभरात मला उठवून चालायला लावलं, संध्याकाळी घरी, आणि आमच्या चाळीचे तीन मजले मी कठड्याला धरून स्वतः चढले. पॅकेज एका पायाचं १ लाख ३५ हजार, मेडिक्लेममधून झालं. माझ्या पॉलिसीत ह्या आजाराला दोन वर्षांचं वेटिंग होतं ते संपलेलं होतं म्हणून, तुमचं आधी बघून घ्या. दिसण्यासाठी केलेलं नाही हे दाखवायला डॉप्लरचा रिपोर्ट आणि पायाचे फोटो मागितले होते, ते तयार ठेवा.

आणि मुख्य म्हणजे खाज गेली. दीड महिन्यात गेली. संध्याकाळी पाय जड होतात ते गेलं. डॉक्टरांच्या हाताला मी नाव ठेवणार नाही.

पण.

चौथ्या दिवशी पट्टी काढली तर मांडी आतून पूर्ण काळीनिळी, मी घाबरले, पण ते सांगितलेलं होतं, तीन आठवड्यांत पिवळं होऊन गेलं. आठवड्याने मांडीत आतून दोरी ताणल्यासारखं व्हायला लागलं, पाय सरळ केला की खेचतं. तेही होतं, बंद झालेली शिर आकसते म्हणून. हे दोन्ही नॉर्मल आहे, घाबरू नका.

नॉर्मल नव्हतं ते दहाव्या दिवशी झालं. पोटरीवर एक जागा लाल, गरम, आणि हात लावला तर आत कडक गाठ, लिंबाएवढी, ठणका असा की पाय टेकवेना. हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला. तिथे डॉक्टर मिळतच नाहीत, एक कोऑर्डिनेटर मुलगी आहे, ऑपरेशनच्या आधी दिवसातून दोन-दोन फोन करणारी तीच मुलगी. "मॅडम, नॉर्मल है, स्टॉकिंग पेहेनके रखो." (स्टॉकिंग म्हणजे ऑपरेशननंतर घालायचा तो लांब घट्ट मोजा.) मी फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी परत फोन केला, परत तेच. तिसऱ्या दिवशी कोणी उचललाच नाही. तीन रात्री मी बसून काढल्या, कारण तोपर्यंत माझ्या भाच्याने मोबाईलवर वाचून मला सांगितलं होतं की पायात गाठ झाली तर ती छातीत जाते. शेवटी आमचे हे मला टॅक्सीत घालून जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी लगेच डॉप्लर केलं. आतली मोठी शिर मोकळी होती, गाठ वरच्या एका उरलेल्या फांदीत होती. म्हणजे रक्त गोठून सुजलेलं, दुखतं खूप पण बहुतेक वेळा गोळ्या, चालणं आणि घट्ट स्टॉकिंगवर बसतं. माझं बसलं, पंधरा दिवस लागले. तिथे कातडीवर एक तपकिरी रेघ राहिलीय ती अजून आहे.

त्या मुलीचं म्हणणं तसं बरोबरच निघालं, काही मोठं नव्हतं. पण ते तिला फोटो बघून कळणं शक्य नव्हतं. वरची गाठ का आतली गाठ हे डॉप्लरशिवाय डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. आतल्या मोठ्या शिरेत गाठ झाली तर पूर्ण पोटरी सुजते, दुखते, आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर अचानक दम लागतो, छातीत दुखतं. असं काही झालं तर फोन करत बसू नका, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की लेसर केलेल्या शिरेच्या वरच्या टोकाला, जिथे ती जांघेत मोठ्या शिरेला मिळते, तिथूनही गाठ आत सरकू शकते, क्वचित होतं पण होतं, म्हणून बरेच डॉक्टर पहिल्या आठवड्यातच एक डॉप्लर करून बघतात. माझ्या पॅकेजमधला डॉप्लर एक महिन्यानंतरचा होता. एक स्टार मी ह्याच्यासाठी कापलाय.

दुसरा स्टार कशासाठी कापला ते नीट सांगते, ह्याच्यासाठीच सगळं लिहायला घेतलं.

पट्टी काढल्यापासून नडगीच्या आतल्या बाजूला, पोटरीच्या मध्यापासून घोट्यापर्यंत, मला स्पर्श कळत नव्हता. तळहाताएवढी जागा. बोट लावलं तर वाटायचं मधे जाड कापड आहे, आणि त्याच जागेच्या कडेला उलटं, चादर घासली तरी मिरची लागल्यासारखी आग. मला वाटलं बधिर केलेलं अजून उतरलं नसेल. महिना गेला. एका रात्री कपडे बदलताना मुलगी ओरडली, आई हे काय झालंय, बघते तर घोट्याच्या वर रुपयाएवढा फोड. दुपारी भजी तळताना तेल उडालं असणार आणि मला कळलंच नाही. जिचं आयुष्य तवा आणि कढईसमोर जातं तिला पायावर उकळतं तेल पडलेलं कळत नाही, ह्याची मला जी भीती वाटली ती त्या गाठीची पण वाटली नव्हती.

फॉलोअपला डॉक्टरांना विचारलं. ते शांतपणे बोलले, "हो, नसेला थोडा मार लागलाय. मी तुम्हाला आधी सांगितलं होतं."

आणि सांगितलं होतं! मला आठवलं. त्यांच्या केबिनमध्ये, पॅकेजचं बोलणं चाललेलं असताना, ते एक वाक्य बोलले होते, "नसेला थोडा मार लागू शकतो." आणि मी मान हलवली होती. कारण आधीची वीस मिनिटं ते "नस फुगलीय", "नस बंद करायची", "नस जाळायची" असंच बोलत होते. मग जी नस जाळायचीच आहे तिला मार लागला तर लागला, माझं काय जातंय, असंच मला वाटणार ना. आपण मराठीत शिरेलाही नस म्हणतो आणि ज्याच्यातून स्पर्श कळतो त्यालाही नसच म्हणतो. मानेची नस दबली म्हणतो ती वेगळी, हाताची नस सापडत नाही म्हणून सिस्टर सुई परत टोचते ती वेगळी. डॉक्टरांच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, व्हेन आणि नर्व्ह, माझ्या कानात दोन्ही वेळा एकच शब्द पडला. त्यांनी खोटं सांगितलं नाही. पण मला कळलंय का हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी काय समजून मान हलवली हे त्यांना कधीच कळलं नाही.

कन्सेंट फॉर्ममध्ये असणार. नऊ पानं, सगळी इंग्लिशमध्ये, सकाळी सव्वासातला हाताला सलाईन लावून झाल्यावर आणली आणि प्रत्येक पानावर सही. भाचा लॉ करतोय, त्याने नंतर सांगितलं की सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहलीच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय, पेशंटला उपचार काय आहे, दुसरे पर्याय काय, महत्त्वाचे धोके काय आणि नाही केलं तर काय होईल हे नीट सांगून मगच संमती घ्यायची. मला केस करायची नाहीये. मला तो कागद आदल्या दिवशी आणि मराठीत हवा होता. मुंबईत एवढं मागणं जास्त नाही.

नर्व्ह म्हणजे काय ते मला दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. कागदावर दोन रंगाच्या पेनांनी काढून दाखवलं, निळी शिर, लाल नर्व्ह. मांडीत दोघी लांब लांब असतात, गुडघ्याच्या खाली आल्या की एकीला एक चिकटून घोट्यापर्यंत जातात. म्हणून मांडीत लेसर चालवताना ह्या नर्व्हला फारसा धोका नसतो, गुडघ्याच्या जितकं खाली जाल तितका वाढतो. पोटरीवर हुकने फांद्या काढतात तेव्हाही एखादा बारीक धागा ओढला जाऊ शकतो, माझ्यात कशाने झालं ते आता सांगता येणार नाही. आणि गुडघ्याच्या मागून पोटरीच्या मधोमध जी शिर जाते, तिचं करायचं असेल तर जास्तच जपायचं, तिच्या बाजूला दुसरी नर्व्ह असते आणि वर गुडघ्यामागे पाऊल उचलायची नर्व्हही जवळच असते, तिला लागलं तर चालताना पाऊल लोंबतं. ते फार क्वचित. पण माहीत असायला पाहिजे.

हे सगळं ऐकताना मला आमचे सासरे आठवले. अण्णा गिरणीत होते, साच्यावर उभं राहून आयुष्य गेलं. संपाच्या आधी कधीतरी त्यांच्या पायाचं हेच ऑपरेशन झालं होतं, जुन्या पद्धतीचं, जांघेत कापायचं, घोट्याजवळ कापायचं आणि पूर्ण शिर तारेला बांधून ओढून काढायची. आठ-दहा दिवस वॉर्डात होते म्हणे. ते नेहमी सांगायचे, ह्या घोट्याजवळ डास चावला तरी मला कळत नाही. आम्ही हसायचो. त्यांना ते मरेपर्यंत तसंच होतं. तेव्हा शिर घोट्यापर्यंत ओढायचे आणि त्यात ही नर्व्ह दुखावायची, म्हणूनच पुढे सर्जन लोक गुडघ्याच्या जरा खाली थांबायला लागले. म्हणजे आमच्या घरातच हे घडलेलं होतं, आणि मी केबिनमध्ये बसले तेव्हा मला अण्णांचा घोटा आठवला नाही.

माझ्या डॉक्टरांनी खाली जायला नको होतं असं मी म्हणणार नाही. माझी कातडी घोट्याजवळच काळी पडलेली, रक्त तिथपर्यंत उलटं येत होतं, अशा वेळी कधी कधी खालपर्यंत बंद करावं लागतं, हे दुसरे डॉक्टरही बोलले. कदाचित मला नीट सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. खाजेपेक्षा बधिरपणा बरा, असं मी ठरवलं असतं. पण मग मी पहिल्या दिवसापासून कढईसमोर पाय झाकून उभी राहिले असते.

आता स्टॉकिंगबद्दल, कारण त्याच्याबद्दल सगळे विचारतात. क्लास टू (हा दाबाचा नंबर), मांडीपर्यंतचं, पहिले काही दिवस रात्रंदिवस आणि मग फक्त दिवसा. माप सकाळी उठल्या उठल्या घ्या, घोटा, पोटरी, मांडी, पाय सुजायच्या आधी. मी संध्याकाळी गेले सर्जिकलच्या दुकानात, सुजलेल्या पायाचं माप दिलं, ते सैल झालं आणि साडेतीन हजार वाया, वापरलेलं परत घेत नाहीत. मग दुसरं घेतलं, त्याच्या वरच्या सिलिकॉनच्या पट्टीने मांडीला पुरळ आलं. वरून गुंडाळलं जाऊ देऊ नका, गुडघ्याखाली गोळा झालं तर तिथेच आवळलं जातं आणि खाली सूज वाढते. चढवायची युक्ती, पुढून बोटं उघडी असलेलं असेल तर पावलात आधी प्लॅस्टिकची पिशवी घालायची, त्याच्यावरून स्टॉकिंग सरकवायचं, मग पुढून पिशवी ओढून काढायची. आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून वर ओढा, पकड चांगली येते. ऑपरेशन शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीत करा. मी फेब्रुवारीत केलं आणि एप्रिल-मेच्या घामात, तव्यासमोर, ते घालून उभी राहिले, फार हाल झाले.

पावसाळ्याचंही सांगते. जुलैमध्ये हिंदमाताला पाणी भरलं, माल घेऊन येताना मी गुडघाभर पाण्यातून आले. घरी येऊन बघते तर त्याच बधिर जागेवर खरचटलेलं, रक्त आलेलं, कधी कशाला लागलं काही पत्ता नाही. जखम घेऊन त्या पाण्यातून आलो की लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणारा ताप) धोका असतो, दरवर्षी महापालिका सांगते की अशांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून गोळी घ्या. दुसऱ्या दिवशी दाखवलं, गोळी घेतली, काही झालं नाही. पण ज्याचा पाय बधिर आहे त्याने पाण्यातून आल्यावर पाय डोळ्यांनी तपासायचा, दुखत नाही म्हणून लागलं नाही असं धरायचं नाही. मी आता रोज रात्री खुर्चीत बसून बघते.

बधिरपणा कमी होतोय. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत हळूहळू भरून येतो म्हणाले, कोणाकोणाला थोडा राहतो. तळहाताएवढी जागा होती ती आता दोन बोटांएवढी उरलीय, घोट्याच्या जरा वर. चादरीची आग पूर्ण गेली.

डाव्या पायाचं डॉप्लर गेल्या महिन्यात केलं, त्यातही झडप सैल आलीय, पण कातडी अजून चांगली आहे. करायचं आहेच. आता दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू होतील, चकली-शेव तळायला दोन बायका जास्तीच्या लावल्यात आणि मी कढईसमोर लांब सुती पायमोजे घालून उभी राहते. डिसेंबरमध्ये तारीख घेईन. दोन रंगांचा तो कागद जपून ठेवलाय. तो घेऊन जाणार, डॉक्टरांपुढे ठेवणार आणि विचारणार की तुमची वायर ह्या चित्रात खाली कुठे थांबणार ते पेनाने दाखवा, आणि त्या रात्री फोन केला तर उचलणार कोण.